धरलं ते सोडवेना

चाकाचा शोध लावणाऱ्या माणसाचं शाळेच्या पुस्तकांपासून कौतुक चालू आहे. त्याचं नाव, गाव, शिक्षण यांपैकी काहीही कोणाला ठाऊक नाही, तरी तो थोर! माझी हरकत नाही. पण ते पहिलं चाक पहिल्याच उतारावर घरंगळत सुटलं असणार, आणि 'अरे धरा, धरा!' असं ओरडत कोणीतरी त्याच्यामागे धावलं असणार. माझ्या मते हा धावणारा गृहस्थ ब्रेकच्या इतिहासातला आद्य पुरुष होय. त्याचा उल्लेख कुठंही सापडत नाही.

पण त्याच्याहूनही मोठा अन्याय झालेला आहे. ब्रेकची कामं दोन. एक लागण्याचं आणि दुसरं सुटण्याचं. पहिल्या कामावर ग्रंथ निघाले, जाहिराती निघाल्या, शर्यती जिंकल्या गेल्या. दुसऱ्या कामाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेतला कारकून. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही आमची शिस्त. ब्रेकच्या खात्यात इतिहासकारांनी नावेची बाजू भरून काढली आणि जमेची कोरी ठेवली. ती भरण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

घोडागाडीच्या काळात हा हिशेब आपोआप जुळत असे. चाकाला लोखंडी धाव असायची. गाडीवानानं दांडा ओढला की लाकडाचा ठोकळा धावेवर घासायचा आणि गाडीचा वेग कमी व्हायचा. दांडा सोडायला तो विसरला, तर घोडा चार पावलांतच अडखळे आणि मान वळवून मालकाकडे बघे. म्हणजे ब्रेक लागून राहिल्याची तक्रार नोंदवणारं यंत्र गाडीच्या पुढं जुंपलेलंच होतं. मोटार आली आणि इथंच घोटाळा झाला. इंजिनानं घोड्याची ताकद उचलली, मान वळवायची सवय उचलली नाही. ब्रेक लागलेला असला तरी ते बिचारं ओढत राहतं, पेट्रोल पीत राहतं, आणि मालकाला वाटतं की आज वारा समोरून आहे.

कार्ल बेंझनं आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी जर्मनीत अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. गाडी झाली, पण ती घेऊन लांब जायची कोणाची छाती होईना. शेवटी १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला पत्ता न लागू देता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून निघाली ती फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. माहेरच्या ओढीनं काय काय होऊ शकतं याचा हा यांत्रिक पुरावा आहे. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, तो तिनं टोपीच्या पिनेनं काढला. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून तिनं ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला आपण ब्रेक लायनर म्हणतो त्याचा जन्म तो असा, माहेरच्या वाटेवर, चांभाराच्या दुकानात.

या चामड्याचा महिमा इंग्लंडमध्येही कळला होता. डर्बीशायरच्या डोंगराळ भागातले शेतकरी उतारावर गाडीच्या ब्रेकला जुने बूट ठोकत असत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ते पाहिलं, आणि बूट न वापरता मुद्दाम ब्रेकसाठी बनवलेलं अस्तर देण्याचा धंदा १८९७ साली सुरू केला. कंपनीला नाव देताना आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरं त्यानं उलटसुलट केली, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचं पहिलं अक्षर मिसळलं आणि 'फेरोडो' हे नाव तयार केलं. बायकोचं नाव ब्रेकच्या धंद्यात गुंफण्यामागं त्याचा हेतू शुद्धच असावा. पुढं या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आलं. ते उष्णतेला दाद देत नसे, पण त्याची धूळ फुप्फुसांचा घात करी. ब्रिटननं १९९९ साली त्यावर बंदी घातली. जुन्या गाडीचा ड्रम उघडून आतली धूळ तोंडानं फुंकणाऱ्या हौशी मंडळींनी एवढी एक तारीख लक्षात ठेवावी.

इथपर्यंत सगळी धडपड धरण्याची. सुटण्याचा पहिला गंभीर विचार केला तो रेल्वेनं. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. इंजिनातून नळीत हवा सोडली की मागच्या डब्यांचे ब्रेक लागत. पण वाटेत नळीच फुटली तर? ब्रेक गुल! तेव्हा १८७२ साली त्यानं सगळा कारभार उलटा केला. नळी नेहमी दाबानं भरलेली ठेवायची. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. नळी फुटली, डबा तुटला, काहीही झालं, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतो. आपल्याकडं पुष्कळ वर्षं हवा भरण्याऐवजी ती काढून घेणारा व्हॅक्यूम ब्रेक होता, पण तत्त्व हेच. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा चढ होता सदतीस फुटांना एक फूट. अशा घाटात हे तत्त्व म्हणजे काय चीज आहे हे कर्जत स्टेशनावर मागून इंजिनं जोडताना थांबलेली गाडी पाहिली की उमगतं. डब्यातली साखळी ओढायला एक हात पुरतो. पण ओढून झाल्यावर गाडी पुन्हा हलायची तर कोणी तरी खाली उतरून जागेवर जायचं, ते सारखं करायचं, मग नळीचा हिशेब पूर्ववत व्हायची वाट बघायची. लावायला एक क्षण आणि सोडवायला पंधरा मिनिटं. संसारात दुसरं काय होतं?

मोटारवाल्यांनी मात्र रेल्वेचा धडा घेतला नाही. त्यांनी लावण्याचं काम माणसाच्या पायाकडं दिलं आणि सोडण्याचं काम एका स्प्रिंगकडं. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉनं ड्रम ब्रेकला रूप दिलं. चाकाबरोबर फिरणारं एक पातेलं, त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. पेडल दाबलं की शू फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. पाय काढला की स्प्रिंग त्यांना मागे ओढते. ही साधी स्प्रिंग म्हणजे आमच्या जमेच्या बाजूची पहिली नोंद. तिचं नाव कोणत्याही जाहिरातीत नसतं, पण ती उलटी बसली किंवा ताणून लोळागोळा झाली, की शू पातेल्याला असे बिलगतात की जावईसुद्धा सासुरवाडीला इतका चिकटत नसेल.

पायापासून चाकापर्यंत हुकूम पोचवायला तेव्हा लोखंडी गज आणि वायरी असत. चार चाकांचे चार गज, आणि चौघांचं मत कधीही एक नाही. एक चाक आधी धरी, दुसरं मागाहून, आणि गाडी आपल्या मनानं वळे. यावर तोडगा निघाला तो तेलाचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हे पास्काल नावाचा फ्रेंच पंडित सतराव्या शतकात सांगून गेला होता. त्याचा ब्रेकसाठी उपयोग केला अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं. याच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं होतं की लोक त्याला 'लॉगहेड', म्हणजे ओंडक्याच्या डोक्याचा, म्हणत. शेवटी कंटाळून भावांनी स्पेलिंगच बदललं. एक भाऊ ॲलन विमानं उडवण्याच्या धंद्यात राहिला, माल्कम गाड्या थांबवण्याच्या. कुटुंबाचा ताळेबंद बरोबर!

माल्कमनं १९१७ साली पेटंट मिळवलं. १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या शर्यतीच्या गाडीनं असे ब्रेक लावून फ्रान्समध्ये ल मां इथं ग्रां प्री जिंकली आणि त्याच वर्षी कंपनीच्या विक्रीच्या गाडीलाही ते आले. आधी सिलेंडरमधल्या वाट्या चामड्याच्या असत, त्या गळत. क्रायस्लरच्या गाडीत १९२४ साली रबरी वाट्या आल्या आणि गळती थांबली. हेन्री फोर्डच्या कंपनीला मात्र तेलाचा भरवसा वाटेना. लोखंड ते लोखंड, असं म्हणत तिनं थेट १९३९ च्या मॉडेलपर्यंत गज आणि वायरीच ठेवल्या. असे हेड कॅशियर प्रत्येक शाखेत एक तरी असतात.

आता खरी मेख सांगतो. तेल दाबानं जातं, तसंच ते तापलं की फुगतंही. ब्रेक म्हणजे मुळात वेग घेऊन त्याची उष्णता देण्याचा व्यवहार. तेव्हा तेल तापणार, फुगणार, आणि फुगलेल्या तेलाला जायला जागा नसली तर ते शू ढकलणार. म्हणून मास्टर सिलेंडरमध्ये, वरच्या तेलाच्या डबीकडे जाणारं, सुईनं पाडल्यासारखं एक बारीक भोक ठेवलेलं असतं. पेडल पूर्ण सुटलं की पिस्टन मागे सरतो, भोक उघडं पडतं आणि जास्तीचं तेल मुकाट्यानं वर निघून जातं. पिस्टन नुसता केसभर पुढं राहिला तरी भोक झाकलेलं. एवढ्या मोठ्या मोटारीचं सुटणं या भोकावर अवलंबून आहे. जमेच्या बाजूची ही दुसरी आणि सर्वांत मोठी नोंद.

तिसरी नोंद डिस्क ब्रेकची. त्याचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ सालीच घेतलं होतं, पण तो जगाला पटायला अर्धं शतक गेलं. १९५३ साली डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, १९५५ साली सित्रोएन डीएस या घरगुती गाडीच्या पुढच्या चाकांना तो आला. यात सोडायला स्प्रिंगसुद्धा नाही. पिस्टनभोवतीचं चौकोनी काठाचं रबरी कडं दाबाबरोबर किंचित पिळलं जातं आणि दाब जाताच आपला पीळ सोडून पिस्टनला तेवढंच मागे घेतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं त्या पिळावरच सगळं भागतं. फक्त कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या किंवा कोरड्या राहिल्या, की पॅड चकतीला धरून बसतात.

एवढं शहाणपण जगानं शे-सव्वाशे वर्षांत जमवलं. ते सगळं एका रविवारी सकाळी बाजूला ठेवून कामाला लागता येतं, हे मी कराडमध्ये प्रत्यक्ष पाहिलं आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर भाऊसाहेब राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कोयनेच्या धरणावर नोकरीची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं दाब या विषयावर त्यांच्यापुढं कोणी बोलायचं नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळची जुनी मोटार आहे. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. भाचीच्या साखरपुड्याला सगळ्यांनी तिच्यातूनच कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं ठरलं, आणि घाट म्हटल्यावर भाऊसाहेबांनी ब्रेकचं काम स्वतःच काढलं. नवे लायनर घातले, मास्टर सिलेंडरचं किट बदललं, वहिनींना पेडलवर बसवून 'दाबा, सोडा, दाबा' करत चारही चाकांची हवा काढली. काम नेटकं झालं होतं, हे मलाही कबूल.

फक्त पेडल जरा खोल जातं, असं त्यांना वाटलं. "पाय ठेवला की लागला पाहिजे!" असं म्हणून त्यांनी पेडलच्या दांडीचा नट फिरवून ती लांब केली. आता पेडल दगडासारखं. भाऊसाहेब खूष.

संध्याकाळी कोल्हापूर नाक्यापर्यंत चक्कर मारून आले ते घामाघूम. गाडी ओढत नव्हती, न्यूट्रलमध्ये टाकली की जागच्या जागी थांबत होती, आणि जिन्यापर्यंत जळका वास. चारही चाकं अशी तापलेली की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र व्हावं. रात्रभर चर्चा झाली. सकाळी जॅक लावून चाक फिरवलं, तर भिंगरीसारखं फिरलं! चारही चाकं मोकळी! "बघा, बसलं आपोआप. नवे लायनर आहेत, जुळायला वेळ लागतो," भाऊसाहेब म्हणाले. वहिनींनी डबे भरायला घेतले.

वहिनींनीच नाक्यावरच्या मेस्त्रींना बोलावून आणलं. "त्यांना काही विचारू नका, नुसतं बघून जा," असं जिन्यातच सांगून. मेस्त्रींनी पहिला प्रश्न तेलाचा केला. ब्रेकचंच घातलं ना? इंजिनातलं तेल चुकून पडलं की रबरी वाट्या सुजतात आणि मग काहीच मागे येत नाही. तेल बरोबर होतं. मग ते म्हणाले, "थंड गाडी काय सांगणार साहेब? तापवून आणा." पाच किलोमीटर फिरवून आणली. चाकं पुन्हा जाम. मेस्त्रींनी जॅक लावला, एका चाकाचं हवा काढायचं निपल पान्यानं अर्धा आटा सैल केलं. तेलाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. त्या जुन्या गाडीत चारही चाकांची तेलाची वाट एकच. बाकीची तिन्हीही सुटली.

"निपल सोडल्यावर चाक सुटलं म्हणजे शू-स्प्रिंग बरोबर. तेल अडकतंय," मेस्त्री म्हणाले. "एकच चाक तापलं असतं तर त्याच चाकाचं सिलेंडर, शू नाहीतर रबरी नळी बघितली असती. नळी बाहेरून धडधाकट आणि आतून सुजलेली असते, तेल जाऊ देते, परत येऊ देत नाही." (आमच्याकडं अशी काही कर्जखाती आहेत.) "मागची दोनच तापली असती तर हँडब्रेकची वायर. चारही तापली म्हणजे वरच काहीतरी." आणि त्यांनी बोटानं पेडल दाबून पाहिलं. पेडलला जराही रिकामी चाल नव्हती.

भाऊसाहेबांना हे पटेना. दाबाचा विषय निघाला, पास्काल निघाला. मेस्त्री शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या धरणाला सांडवा असतो का नाही?"

"असतो म्हणजे? कोयनेला सहा दरवाजे आहेत!"

"मग या सिलेंडरलाबी एक हाय. बारीक हाय, पण हाय. तुमच्या दांडीनं तो बंद केलाय. सकाळी धरण रिकामं. पाऊस पडला, म्हणजे गाडी तापली, की पाणी चढतं, दार उघडत नाही."

भाऊसाहेब गप्प झाले. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "घाटात काय झालं असतं?"

मेस्त्रींनी ते गोड शब्दांत सांगितलं, मी रोखठोक सांगतो. सगळ्यांना वाटतं, ब्रेक लागून राहिला तर फार तर पेट्रोल जाईल. तसं नाही. लागलेला ब्रेक तापतो, तापलं की तेल फुगतं, फुगलं की आणखी लागतो, म्हणून आणखी तापतो. आमच्याकडं याला चक्रवाढ म्हणतात. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पीत असतं. डॉट तीन जातीचं कोरं तेल किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं. ओलावा प्यायलेल्या तेलाला हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. एकदा का ते चाकापाशी उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पोचवत नाही. मग सकाळपासून दगडासारखं असलेलं पेडल ऐन वळणावर पायाखाली लोण्यासारखं तळाला जातं. सतत धरून बसणारा ब्रेक असा नेमका हवा तेव्हा धरत नाही, आणि गाडीत मागे बसलेली असतात दोन नातवंडं आणि लाडवांचा डबा.

मेस्त्रींनी दांडीचा नट दोन आटे मागे घेतला. पेडल पुन्हा सुरुवातीला जरासं रिकामं जाऊ लागलं. तापलेलं तेल बदलून टाकलं, पुन्हा हवा काढली, दहा किलोमीटर फिरवून चाकांपाशी हात नेऊन पाहिला. कामाचे पैसे सांगितले ते इतके कमी की भाऊसाहेबांना ते अपमानास्पद वाटले. दोन आट्यांचे काय घ्यायचे, असं मेस्त्रींचं म्हणणं.

त्या दोन आट्यांपायी मी हा इतिहास वाचायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की पेडलची ती रिकामी चाल सगळ्यांनाच खुपते. इतकी जागा फुकट का जावी, असा हिशेबी प्रश्न पडतो. कॅशियरला दोन नोटांमधली फट खुपते, बापाला मुलाचा मोकळा रविवार खुपतो, साहेबाला कारकुनाचा चहा खुपतो. मग जो तो आपापल्या परीनं नट आवळत सुटतो, आणि सकाळी सगळं थंड असतं तेव्हा सगळं झकास फिरतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं ही म्हण ज्यानं केली त्याला धरणं आणि सोडणं यांच्यामधली ही केसभर जागा ठाऊक नसावी. बर्थाबाईंचा चांभार, फ्रूडसाहेब, लॉकहीड बंधू यांचे पुतळे उभारायचे तर उभारा. मात्र त्या सुईच्या भोकासाठी चौथऱ्यावर थोडी जागा राखून ठेवा.

आणि ज्यांनी स्वतः ब्रेकचं काम केलं असेल त्यांनी घाटाला निघण्यापूर्वी एवढं करावं. गाडी आधी सपाटीवर चांगली तापवावी, मग जॅक लावून चाक हातानं फिरवावं. फिरलं तर खुशाल निघावं. नाही फिरलं तर वहिनींना विचारावं. त्यांनी मेस्त्रींना आधीच बोलावलेलं असतं.